बुद्धिबळाचे यंत्र आणि वेगाचे माप

गेल्या खेपेस व्याख्यान आटोपल्यावर एक गृहस्थ मजजवळ आले. मुलगी बुद्धिबळाच्या स्पर्धांत खेळते, तिच्या सरावासाठी नवा संगणक घ्यावयाचा आहे, आणि दुकानात दोन दाखविले. एकाच्या प्रोसेसरचा गिगाहर्ट्‌झचा आकडा मोठा, दुसऱ्याची किंमत मोठी. "यांतला बुद्धिबळाला वेगवान कोणता?" असा त्यांचा प्रश्न. मी अडखळलो. का अडखळलो, तेच आज सांगतो.

गिगाहर्ट्‌झ म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती अब्ज ठोके देतो त्याचा हिशेब. एका ठोक्यात काम किती उरकते हे त्यावरून कळत नाही. बुद्धिबळाचा पट ६४ घरांचा. आजचे बलाढ्य प्रोग्रॅम प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्यांची जागा ६४ अंकांच्या एका ओळीत मांडतात. मोहरा असेल तेथे १, नसेल तेथे ०. ६४ बिटांचा प्रोसेसर ही ओळ एकदम उचलतो. ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरला तिचे दोन तुकडे करावे लागत. ठोके तितकेच, पण काम निम्मे!

म्हणून जाणकार लोक ठोके मोजीत नाहीत. सेकंदाला पटावरच्या किती स्थिती तपासल्या ते मोजतात. हे माप बरे, परंतु तेही फसवे आहे. १९९७ साली कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविणारे 'डीप ब्लू' सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपाशी. त्यात बुद्धिबळासाठीच घडविलेल्या ४८० चिप्स होत्या. २००६ मध्ये बॉन येथे 'डीप फ्रिट्झ'ने क्रामनिकला ४–२ असे हरविले, ते सुमारे ८० लाखांच्या वेगाने. आणि २००९ साली ब्वेनोस आइरेसच्या स्पर्धेत खिशातल्या मोबाइलवर चालणाऱ्या 'पॉकेट फ्रिट्झ'ने दहापैकी साडेनऊ गुण मिळविले. त्याचा वेग २० हजारांच्याही आत! समोर कास्पारोव्ह नव्हता हे खरे. तरी 'डीप ब्लू'च्या दहा हजारांश वेगात हे घडले.

याचे मर्म क्लॉड शॅनन यांच्या १९५०च्या लेखापासून ठाऊक आहे. एका स्थितीत सरासरी ३० खेळ्या शक्य धरल्या, तर पांढऱ्याची एक व काळ्याची एक एवढे पाहण्यास सुमारे हजार शक्यता होतात. म्हणजे आंधळेपणाने सगळे तपासणाऱ्या यंत्राला एकच खेळी अधिक पाहावयाची तर तीसपट वेग हवा. परंतु एखाद्या खेळीला मारक उत्तर सापडले की तिची बाकीची उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही. ही छाटणी उत्तम साधली तर तिसाच्या जागी पाचसहापट वेग पुरतो. आजचे प्रोग्रॅम अधिक धाडसाने छाटतात, त्यांना दुपटीच्या आसपास पुरतो. गंमत अशी की, प्रोग्रॅम जितका शहाणा तितका वेगवान प्रोसेसर त्याच्या अधिक कामी येतो.

याच छाटणीमुळे आठ गाभ्यांचा प्रोसेसर आठपट फळ देत नाही. पहिल्या फांदीचा निकाल लागण्याआधीच दुसऱ्या गाभ्याने पुढची फांदी हाती घेतली, तर जे श्रम वाचावयाचे तेच तो करीत बसतो. स्थितींचा आकडा फुगतो, खोली तितकी वाढत नाही.

तेव्हा तुलना करावी ती अशी : प्रोग्रॅम एकच, स्थिती तीच, त्याला दिलेली स्मृती तेवढीच, आणि ठरावीक खोली गाठण्यास वेळ किती लागतो ते पाहावे. एका स्थितीवर भिस्त ठेवू नये, आठदहा घ्याव्यात. गाभे अनेक असतील तर प्रत्येक स्थिती पुन्हा पुन्हा चालवावी, कारण दर वेळी वेळ थोडी वेगळी येते.

त्या गृहस्थांना मी हेच सुचविले. 'स्टॉकफिश' फुकट मिळतो. आधी घरच्या जुन्या संगणकावर चालवून पाहा, मग दुकानातल्या दोहोंवर. घरचे काम त्यांनी त्याच रात्री केले, आणि जुन्या यंत्रावरही तो आपल्या मुलीलाच काय, तिच्या गुरुजींनाही उभे राहू देत नाही असे त्यांना आढळले. दुकानदाराने मात्र खोकी उघडण्यास नकार दिला.