तेका आभाळ दिसाक व्हया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीने अँटेनावर बोलावे, हे ऐकून तुमच्यापैकी काही जण हसले असतील. हसायला हरकत नाही. माझ्या बी.ए.च्या पदवीत विज्ञानाचा एकही पेपर नव्हता. पण एका लोखंडी पत्र्यामुळे पाच माणसांचा जीव टांगणीला लागला होता आणि तो पत्रा घालण्याचा सल्ला मीच दिला होता. त्यानंतर हा विषय समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. जे समजले तेच आज सांगतो.

मी राहतो पिंगुळीला, कुडाळच्या शेजारी. आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही. पण माझे आजोळ मालवणचे. मामेभावाची मासेमारीची नौका आहे. तिच्या केबिनला पूर्वी प्लायवूडचे छप्पर होते. एकदा हौसेने त्याच्याबरोबर गेलो, तर पाऊस आला आणि माझ्या डोक्यावर, वहीवर, सगळीकडे गळती सुरू झाली. मी म्हणालो, "अरे, एवढी चांगली नौका, वर एक मजबूत पत्रा का घालत नाहीस?" माझा शब्द त्याने मानला. 2011 च्या पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना प्लायवूड निघाले आणि नवा कोरा पत्रा चढला.

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली. केबिनमध्ये सुकाणूसमोर जीपीएसचे यंत्र होते, तेच जुने, अँटेना आतच असलेले. पूर्वीसारखे चालेना. कधी जागा दाखवी, कधी 'शोधतोय' म्हणून थांबून राही. भावाला वाटले, यंत्र म्हातारे झाले. पैसे आले की बदलू.

ऑक्टोबरात एका रात्री ते निवतीकडून मालवणला परत येत होते. भाऊ, त्याचा मुलगा आणि तीन खलाशी. हस्ताचा पाऊस कोसळू लागला. केबिनच्या खिडक्यांवर ओली ताडपत्री ओढली आणि पाचही जण आत दाटीवाटीने उभे राहिले. पडद्यावर नौकेचे चिन्ह सरळ पुढे सरकत होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. कोपऱ्यातली बारीक खूण कुणी पाहिलीच नाही. उपग्रह केव्हाच हरवले होते. काही यंत्रे अशा वेळी शेवटचा वेग आणि शेवटची दिशा धरून काही काळ अंदाजाने चिन्ह पुढे सरकवत राहतात. तसे ते सरकत होते. नौका मात्र वाऱ्याने आणि प्रवाहाने किनाऱ्याकडे ओढली जात होती.

त्यांना वाचवले ते एका जुन्या खलाशाच्या कानांनी. इंजिनाच्या आवाजातून त्याला खडपावर फुटणाऱ्या लाटेचा आवाज वेगळा ऐकू आला. इंजिन मंद केले, नांगर सोडला आणि पाच जण उजाडेपर्यंत जागे बसले. उजाडल्यावर दिसले, खडप शंभर वावांवर होती. दोनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 2009 मध्ये, फयान वादळ येऊन गेले होते. परत न आलेल्या नौकांची आठवण आमच्या किनाऱ्यावर ताजी होती. मामीने ती रात्र कशी काढली, हे तिने मला कधी सांगितले नाही. मीही विचारण्याचे धाडस केले नाही.

यंत्र दुरुस्तीला नेले तेव्हा मी बरोबर होतो. दुरुस्ती करणाऱ्याने ते दुकानाबाहेर उघड्यावर ठेवले. थोड्याच वेळात यंत्राने जागा बिनचूक दाखवली. मग त्याने विचारले, नौकेवर काही बदल केला का? भावाने पत्र्याचे सांगितले. तो म्हणाला, "यंत्र बिघडला नाय. तेच्या डोक्यार तुमी पत्रो घातलास. तेका आभाळ दिसाक व्हया."

मी खाली मान घातली.

आता हे आभाळ दिसणे म्हणजे काय, ते पाहू. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: 'मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले.' हा निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो. डोक्यावरच्या उपग्रहाकडून तो पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निरोपाला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात 300 मीटरची चूक होते. आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असते, म्हणून त्याची चूकही हिशेबात धरावी लागते. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक, अशी चार उत्तरे हवीत. त्यासाठी निदान चार उपग्रह ऐकू यायला हवेत.

आणि हा निरोप किती क्षीण असतो! एका वॉटचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातल्या एकाचे शंभर करा. त्यातला एखादा भाग आपल्या अँटेनापर्यंत येतो. हे कळल्यावर मला यंत्राचा राग येईनासा झाला. ते ऐकते, हेच आश्चर्य.

अशा क्षीण लहरींना कोण अडवते? हे मला पिंगुळीतच समजले. आमच्या गावातले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्यातले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो. पातळ चामड्यातून उजेड झिरपतो, भोकांतून लख्ख येतो आणि जाड भाग काळा दिसतो. दिवा तोच, पण मध्ये काय आले, त्यावर पडद्यावरचे चित्र ठरते. जीपीएसच्या लहरींची लांबी जेमतेम 19 सेंटिमीटर असते आणि त्या बऱ्याचशा उजेडासारख्याच सरळ रेषेत येतात. कोरडे प्लायवूड आणि फायबर त्यांना पातळ चामड्यासारखे. लोखंडी पत्रा म्हणजे काळी सावली. पाणी आणि पाण्याने भरलेले माणसाचे शरीरही त्यांना शोषून घेते.

म्हणजे त्या रात्री पावसाने घात केला नव्हता. पावसाचे थेंब या लहरींना फारसे अडवत नाहीत. पत्रा घातल्यापासून यंत्र खिडक्यांतून तिरपे डोकावून कसेबसे ऐकत होते. त्या खिडक्यांवर ओली ताडपत्री आली, त्यांच्यासमोर पाच माणसे उभी राहिली आणि उरलेली फटही बुजली.

खिडकीतून ऐकण्यात आणखी एक खोट असते. ती मला मामूंच्या बोलण्यातून उमगली. मामू जीपीएसच्या आधीच्या काळातले तांडेल. किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून ते समुद्रातली जागा ओळखत. एका बाजूला डोंगराचे टोक आणि त्याखालचा माड एका रेषेत, दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस आणि मागचे झाड एका रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे आपण. पण मामू बजावत, दोन्ही खुणा एकाच बाजूच्या घेऊ नका. जवळजवळच्या दिशांच्या रेषा इतक्या तिरप्या छेदतात की नेमका बिंदू कुठला ते कळत नाही. उपग्रहांचेही तसेच. एका खिडकीतून दिसणारे चार उपग्रह म्हणजे एकाच बाजूच्या चार खुणा. यंत्र जागा दाखवील, पण ती भरवशाची नसेल. उपग्रह चहूबाजूंना विखुरलेले हवेत आणि त्यासाठी सगळे आभाळ हवे.

यावर उपाय म्हणजे बाहेरची अँटेना. यंत्र आत कोरड्या जागी ठेवायचे आणि त्याचा कान तेवढा बाहेर न्यायचा. पांढऱ्या अळंब्यासारखी ही डबी असते. तिच्या पोटात एक छोटा अॅम्प्लिफायर असतो, त्याला वीज त्याच केबलमधून यंत्राकडून मिळते. हा अॅम्प्लिफायर वरच का? कारण केबल लहरींना खाते. बारीक केबलमध्ये तीनेक मीटरमध्ये सिग्नलची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तुम्ही रेडिओ ऐकणारे आहात, तुम्हाला हे लगेच पटेल. स्टेशन नीट लागलेले नसताना आवाज मोठा केला, तर खरखरही मोठी होते. म्हणून सिग्नल स्वच्छ असतो तिथेच, म्हणजे अँटेनापाशीच, तो वाढवावा लागतो.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आपल्या यंत्राला बाहेरची अँटेना जोडायची सोय आहे का? सगळ्यांना नसते. दुसरी, अँटेनाला लागणारी वीज आणि यंत्र देते ती वीज जुळते का? कुठे 3 व्होल्ट असते, कुठे 5. शेजाऱ्याच्या नौकेवरची अँटेना आपल्याला चालेलच असे नाही. यंत्राबरोबरचे पुस्तक अशा वेळी उघडावे.

बसवायची कुठे? जिथून आभाळ चारी बाजूंना मोकळे दिसते तिथे, सपाट आणि तोंड वर करून. रडारच्या झोतात नको आणि वायरलेसच्या अँटेनाला चिकटून नको. उंच म्हणून डोलकाठीच्या अगदी टोकाला बसवण्याचा मोह होतो, तोही टाळावा. नौका हेलकावते तेव्हा टोक सर्वांत जास्त झोके खाते आणि यंत्राला वाटते, नौकाच इकडेतिकडे धावते आहे. केबल लागेल तेवढीच ठेवावी, तिला तीक्ष्ण वाक देऊ नये. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाते, आत येत नाही.

आणि मीठ! आमच्या किनाऱ्यावर सगळ्याला शेवटी मीठच खाते. जोडावर खारे पाणी पोचले की तांबे हिरवे पडते आणि महागाची अँटेना बहिरी होते. जोड रबरी टेपने घट्ट बंद करावा आणि दरवर्षी नौका पाण्यात सोडण्यापूर्वी उघडून पाहावा. अँटेना गेली असे वाटते, तेव्हा पुष्कळदा जोडच गेलेला असतो.

बाहेरची अँटेना काय करू शकत नाही, तेही सांगतो. ती मुद्दाम घातलेली चूक काढू शकत नाही. 2 मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये जाणूनबुजून चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटरने हुकत असे. ती चूक थांबवली, तेव्हा कुठल्याही अँटेनाशिवाय सगळ्यांची यंत्रे सुधारली. आपल्या इस्रोने नाविकचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सोडला. त्या पहिल्या पिढीतल्या उपग्रहांच्या लहरी निराळ्या आहेत, त्यामुळे केवळ जीपीएससाठी बनवलेल्या जुन्या अँटेनाला त्या ऐकू येत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये मच्छीमार नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची केंद्र सरकारची योजना पालघर येथे सुरू झाली. ते संकटात निरोप पाठवणारे यंत्र. पण त्याचाही संबंध उपग्रहाशीच. त्याच्यावर जाळे किंवा ताडपत्री टाकून ठेवली, तर तेही मुके होईल.

तुम्ही नौकेवर जात नसाल, तरी हे तुमच्या उपयोगाचे आहे. गाडीत मोबाईल रस्ता चुकवू लागला, तर त्याला शिव्या देण्यापूर्वी तो खिशातून काढा आणि पुढच्या काचेजवळ ठेवा. एसटीत खिडकीपाशी धरा.

पूर्वी अरबी समुद्रावरचे नाविक 'कमाल' नावाचे साधन वापरत. एक छोटी लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकली, की त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आपण आलो. मामूंना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तेव्हाही वर बघूकच लागायचा." होय. साधने बदलली, अट तीच राहिली.

भावाच्या नौकेवरचा पत्रा अजून आहे. त्याच्या वर ती पांढरी डबी बसली आहे. गंमत अशी की पत्रा अँटेनाच्या खाली आल्यावर, पाण्यावरून उलटून खालून येणाऱ्या चुकार लहरी अडवायला तोच थोडी मदत करतो. पत्रा वाईट नव्हता, तो चुकीच्या बाजूला होता. पुतण्या आता बंदर सोडण्यापूर्वी आधी पडद्यावर उपग्रह मोजतो, मग इंजिन सुरू करतो. आणि मी? नौकेवर आता काही बदल करायचा झाला, तर भाऊ मला विचारत नाही. ते बरेच आहे.