खडी फोडायला कोण येतं?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे बरोबर २,५००, कारण राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने त्यापुढे जायला मनाई केली आहे. हा व्यवसाय कर. पहिल्या नोकरीत मी अकाउंट्समधल्या काकांना विचारलं होतं, हे पैसे कसले? मान वर न करता ते म्हणाले, "खडीचे." थट्टा वाटली मला. पण उत्तर चोख होतं. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी, आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, असं ठरलं होतं. शहरातला पगारदार कर भरायचा, त्यातून माळावर खडी फुटायची.

अर्थशास्त्र सांगतं की कुठल्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडावी लागलेली दुसरी गोष्ट. तीच कल्पना आज सरकारी मदतीला लावून पाहू. तिचा जितका सुंदर वापर आपल्याकडे झाला, तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

दुष्काळ पडला आहे. तिजोरीत थोडे पैसे आहेत आणि ते गरजूंना द्यायचे आहेत. गरजू कोण? सरळ मार्ग म्हणजे यादी करायची. मग यादी करणारा आला, त्याचा भाऊबंद आला, चहापाणी आलं. दारिद्र्यरेषेच्या यादीत ट्रॅक्टरवाल्याचं नाव असतं आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याचं नसतं, हे गावात कुणालाही विचारा. यात दरवेळी लबाडीच असते असंही नाही. गरिबी कपाळावर लिहिलेली नसते. ती ओळखायला लागणारी माहिती ज्याच्यापाशी असते, त्याला ती खरी सांगण्यात काही फायदा नसतो.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी प्रश्नच उलटा केला. यादी करायचीच नाही. मागेल त्याला काम द्यायचं, मात्र अंगमेहनतीचं, उन्हातलं आणि बेताच्या मजुरीचं. साठच्या दशकात त्यांनी आपल्याच भागात हे करून पाहिलं. १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने योजना आणली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, असा हक्कच लोकांना मिळाला. कामाला तयार असणं हाच गरजेचा दाखला, तलाठ्याच्या सहीची गरज नाही.

शिक्षक, दुकानदार, दहा एकर बागायतवाला यांनाही काम मागायचा हक्क होता. ते आले नाहीत. दिवसभर घमेली वाहायची तर दुकान बंद ठेवावं लागणार, म्हणजे त्यांच्या लेखी त्या मजुरीची किंमत फार मोठी. ज्याच्यापाशी दिवसाचं दुसरं काहीच नाही, त्याला ती जवळजवळ शून्य. माणसं आपणच आपल्याला चाळून घेतात. अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. आल्बर्ट निकल्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी अशा अटींमागचा तर्क १९८२ साली सूत्रबद्ध मांडला, तेव्हा आपल्याकडे मोजमापाचे चौकोनी खड्डे, म्हणजे चौकड्या, खणून दहा वर्षं होत आली होती.

या चौकड्या मी पाहिल्या आहेत. आठवीच्या सुट्टीत मामाकडे, जत तालुक्यात. पाझर तलावाचं काम चालू होतं. माणसं टिकावाने खणत, बायका पाट्या भरून बांधावर टाकत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवलेला असे. किती खोल गेलं ते त्यावरून मोजायचं, कारण मजुरी मोजमापावर. मुकादम टेप धरून लांबी-रुंदी ओरडायचा आणि सावलीतला कारकून मस्टरवर लिहायचा. मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढे. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि चार दिवसांत ते काम ओस पडलं. कुणी बंद केलं नव्हतं, लोक पेरणीला गेले होते. राज्यभर हेच व्हायचं, एप्रिल-मेमध्ये हजेरी फुगायची आणि खरिपात ओसरायची. मदत कधी सुरू करावी, कधी थांबवावी, यासाठी मंत्रालयाला फाइल हलवावी लागत नव्हती.

धंद्यात ही युक्ती जुनी आहे, फक्त हेतू वेगळा. फ्रान्समधला इंजिनिअर झ्यूल द्युपुई याने १८४९ साली विचारलं होतं की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का घालत नाहीत? छपराला असा कितीसा खर्च येतो? त्याचं उत्तर होतं की गरिबाला त्रास द्यावा असं कंपनीच्या मनात नसतं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट ज्याला परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी ते उघडं ठेवलेलं. मुंबईच्या लोकलचा फर्स्ट क्लास त्याच गाडीने त्याच वेळेला चर्चगेटला पोचतो. जास्तीचे पैसे कुणाला द्यायचेत ते प्रवासी आपणच ठरवतो. कंपनी चाळणी लावते ती ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून जास्त काढायला, पागे यांनी लावली ती ज्याच्यापाशी नाही त्याच्यापर्यंत पोचायला.

आता चाळणी कुठे फाटते ते पाहू.

एक तर ती मजुराला चाळते, मुकादमाला नाही. मस्टरवर खोटं नाव लिहायला घाम गाळावा लागत नाही. बोगस मस्टर हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत घरचा झाला तो त्यामुळेच.

दुसरं, मजुरीचा दर. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाशी बांधलेली होती आणि १९८८च्या मे महिन्यात ते सहा रुपयांवरून बारा झालं. दुप्पट दर म्हटल्यावर येणारे वाढणारच, कारण आता शेतावरचं काम सोडून इकडे येणंही परवडू लागलं. पैसा मात्र त्या मानाने वाढला नाही. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली आकडे तपासून दाखवलं की हमी कागदावर राहिली आणि कामाचं गुपचूप रेशनिंग सुरू झालं. काम कुणाला द्यायचं हे पुन्हा माणूस ठरवू लागला. म्हणजे यादी आली, फक्त ती कुणी लिहून काढली नव्हती.

यावरून काही अर्थतज्ज्ञ मजुरी कमीच ठेवा म्हणतात. मला ते पटत नाही. किमान वेतनाहून कमी देणं ही वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात १९८३ सालीच सांगितलं होतं. चूक दर वाढवण्यात नव्हती. दर वाढला की रांग वाढणार, हा हिशेब आधी मांडला नाही, ही चूक. व्यवसाय कराची मर्यादा वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० वर नेणारी ६०वी घटनादुरुस्तीही १९८८चीच, म्हणजे जास्त पैसा उभा करायची वाट त्याच वर्षी उघडली होती. हे आठवलं की हळहळ वाटते.

तिसरी फाट मला सगळ्यात वाईट वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. मजुरी महिना-दीड महिना थकली तर गळतो कोण? ज्याला संध्याकाळी पीठ विकत आणायचं आहे तो. ज्याच्या घरी कणगीत ज्वारी आहे तो थांबू शकतो. अडवणुकीलाही किंमत असतेच, पण तिचा भार गरिबावर जास्त पडतो. केवायसी, उत्पन्नाचा दाखला, तालुक्याला चार खेपा यांचं तेच. मजुराचा दरवेळी रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं. पैसेवाला एजंटच्या हातात कागद देऊन मोकळा. "थोडा त्रास घेऊ द्या, गरजू असेल तो येईल," असं टेबलापलीकडून ऐकू येतं, तेव्हा त्रास नेमका कुणाला जड जातो हे विचारायचं.

इंडोनेशियात ४०० गावांत याची नीट परीक्षा घेतली गेली. घेणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी होते. काही गावांत सरकारी माणसं घरोघर गेली, काही गावांत लोकांनी अर्जासाठी केंद्रावर यायचं होतं. जिथे यावं लागलं, तिथे खातीपिती घरं बरीचशी आलीच नाहीत आणि पैसा गरिबांपर्यंत जास्त पोचला. काही ठिकाणी केंद्र आणखी लांब ठेवलं होतं. त्याने निवड आणखी सुधारली नाही, सगळ्यांची पायपीट तेवढी वाढली.

आपली अलीकडची उडी दुसऱ्या टोकाला होती. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेत महिना १,५०० रुपयांसाठी अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्नाची अट होती, पण अर्ज करायला जवळजवळ काहीच सोडावं लागत नव्हतं. मागून छाननी झाली तेव्हा सरकारी नोकरीतल्या बायकांचीही नावं निघाली. त्या बायकांना बोल लावण्यात मला रस नाही. दार सताड उघडं ठेवायचं असेल तर अट घालू नये, सर्वांना द्यावं आणि तेवढा खर्च मान्य करावा. अट घालायचीच असेल तर दारातच घालावी. आधी वाटून मग परत मागणं सगळ्यात महाग पडतं, आणि त्या छाननीतही खरी गरजू बाई केवायसीच्या रांगेत अडकते ती अडकतेच.

चाळणी कितीही चांगली असली तरी काही माणसं त्यात बसतच नाहीत. म्हातारी, अपंग, अंथरुणाला खिळलेली. त्यांच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली, तिथे दाखले आले, यादी आली. त्याला इलाज नव्हता. मामाच्या गावच्या कामावर मात्र एक आजी होती, पाठीत वाकलेली, टिकाव उचलणं तिच्या हातून होणारं नव्हतं. तिच्याकडे पाण्याची घागर आणि एक पितळी लोटा. दिवसभर ती चौकडी ते चौकडी फिरायची, आणि झोळीतलं मूल रडलं तर घागर खाली ठेवून झोका द्यायची. शनिवारी मोजमाप झालं की मुकादम टेप गुंडाळायचा, कारकुनाला तिचं नाव सांगायचा आणि पुढे म्हणायचा, "सहा दिवस. पुरे लिव्ह."