रॅगिंगविरोधी हमीपत्रातील न वाचलेले कलम

श्रीगोंदा, (प्रतिनिधी) – पदवी महाविद्यालयात प्रवेश घेताना इतर कागदपत्रांबरोबर एक हमीपत्र भरून द्यावे लागते. 'आपण रॅगिंग करणार नाही' अशी ग्वाही त्यात विद्यार्थी देतो आणि पालकही देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांतील तिसरे कलम आपण वाचले असून रॅगिंग कशाला म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे, असेही त्या हमीपत्रात लिहिलेले असते. सही सगळेच करतात. कलम मात्र क्वचितच कोणी वाचतो.

ते वाचले असते, तर अनेकांना आश्चर्य वाटले असते. २९ जून २०१६ रोजी आयोगाने या व्याख्येत दुरुस्ती केली. जात, धर्म, वर्ण, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती, दिसणे यांबरोबरच 'लिंग' (त्यात पारलिंगी व्यक्तींचाही समावेश) आणि 'लैंगिक कल' या कारणांवरून एखाद्या विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे, त्याच्यावर दांडगाई करणे किंवा त्याला वाळीत टाकणे हेही तेव्हापासून रॅगिंग ठरले. म्हणजे समलिंगी असल्याच्या संशयावरून वर्गातल्या एखाद्या मुलाची वर्षभर टिंगल होत असेल, चालण्या-बोलण्यावरून त्याला नावे ठेवली जात असतील, तर ती 'पोरांची मस्करी' राहत नाही. ज्या कागदावर सर्वांनी सही केली आहे, त्याच कागदाने ती निषिद्ध ठरविली आहे.

श्रीगोंदा तालुक्यातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. समलिंगी व पारलिंगी विद्यार्थ्यांच्या हक्कांची चर्चा मात्र आजवर पुण्या-मुंबईपुरतीच राहिली. उसाच्या पट्ट्यातील, एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला या चर्चेतून नेमके काय आले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

शब्दांची उकल

प्रथम काही शब्द नीट समजून घ्यायला हवेत. समलिंगी व्यक्तीला आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते. उभयलिंगी आकर्षण असणाऱ्याला स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ते वाटू शकते. हा लैंगिक कलाचा भाग झाला. पारलिंगी व्यक्तीचा प्रश्न वेगळा आहे. जन्मतः नोंदविलेले लिंग आणि तिला स्वतःची मनोमन पटलेली ओळख यांत तफावत असते. सर्वच पारलिंगी व्यक्ती हिजडा समाजात राहणाऱ्या नसतात आणि बायकी हावभाव असलेला प्रत्येक मुलगा समलिंगी असतोच असे नाही. या गोष्टींची सरमिसळ झाल्याने गैरसमज वाढतात आणि त्याचा जाच बहुधा सर्वांत मवाळ मुलाला होतो.

हा आजार आहे काय, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी कल आजारांच्या वर्गीकरणातून वगळला. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवून, हा कल 'बदलून देण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे स्पष्ट केले. अशा उपचारांची हमी देऊन पैसे घेणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहिलेले बरे.

न्यायालयांचा लांबचा रस्ता

भारतीय दंड विधानाचे ३७७ वे कलम १८६० पासूनचे. 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधांना त्याने गुन्हा ठरविले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्पर संमतीच्या खासगी संबंधांना त्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने हे संबंध गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर काढले.

पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. आपली लिंगओळख ठरविण्याचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा आहे, असे त्यात म्हटले गेले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रवेश व शिष्यवृत्तीच्या अर्जांत स्वतंत्र रकाना ठेवण्याच्या सूचना विद्यापीठांना दिल्या. २०१९ मध्ये संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. शिक्षणसंस्थांतील भेदभावाला या कायद्याने मनाई केली, तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ओळखपत्र देण्याची पद्धत घालून दिली. ओळखपत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम समाजकल्याण कार्यालयातून समजून घेणे इष्ट.

सर्वच प्रश्न सुटले, असे मात्र नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात ३७७ वे कलम पूर्णतः गाळले गेले. संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हे त्यामुळे अधिकच स्पष्ट झाले. पण सज्ञान पुरुषावर झालेल्या लैंगिक बळजबरीसाठी जे कलम लावले जात असे, तेही सोबत गेले. ही उणीव कायद्याच्या जाणकारांनी तेव्हाच निदर्शनास आणली होती.

कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. न्यायालयाने दिलेले संरक्षण अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आहे. त्याखालील मुलामुलींच्या बाबतीत बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तेथे संमतीचा मुद्दा ग्राह्य धरला जात नाही.

एका मराठी प्राध्यापकाची गोष्ट

विद्यापीठाच्या आवारात समान हक्क नाकारला गेला म्हणजे काय होते, याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण एका मराठी माणसाचे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसले आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण टिपले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने कारवाई केली ती प्राध्यापकांवर. ते निलंबित झाले आणि निवासस्थानही सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. निवृत्ती काही महिन्यांवर होती.

डॉ. सिरस न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. दिल्ली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागून तेव्हा नऊ महिने उलटले होते. कायदा बाजूने असूनही आवारातील माणसे बाजूने नसली, की माणूस किती एकटा पडतो, हे या घटनेने दाखविले. पुढे 'अलीगढ' या हिंदी चित्रपटामुळे ही हकीकत देशभर पोहोचली.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३४ मध्ये झालेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे यांना दंड झाला, पण अशा विषयावर मोकळेपणाने प्रश्न विचारता आला पाहिजे, ही भूमिका मराठीत तेव्हाच मांडली गेली. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चे. त्याची नायिकाही महाविद्यालयीन विद्यार्थिनीच आहे.

शहरांत काय घडले?

बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट'ची स्थापना केली आणि मराठीतून या विषयावर पुस्तके लिहिली. पुण्यातील पहिली अभिमान पदयात्रा २०११ ची. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'साथी' हा विद्यार्थी गट उभा राहिला. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांच्या मागणीवरून २०१८ मध्ये लिंगनिरपेक्ष वसतिगृहाची सोय झाली.

या गटांनी मोठे मोर्चे काढले म्हणून ते महत्त्वाचे नाहीत. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला बोलायला कोणीतरी मिळाले, ही त्यांची खरी कामगिरी. तालुक्याच्या ठिकाणी हीच गोष्ट दुर्मीळ असते. वर्गातील निम्मी मुले एकमेकांच्या भावकीतली किंवा शेजारच्या गावची. शिक्षक वडिलांच्या ओळखीचे. त्यामुळे तक्रार केली तर ती संध्याकाळपर्यंत घरी पोहोचेल, ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. छळापेक्षा बोभाट्याची भीती मोठी ठरते आणि मुलगा किंवा मुलगी हळूहळू महाविद्यालयात येणेच बंद करते. हजेरीपटावर त्याचे कारण उमटत नाही. मुलींच्या बाबतीत तर शिक्षण थांबवून लग्न उरकून टाकण्याचा धोका असतो.

तक्रार कोठे करावी?

आहे त्या व्यवस्थेतही काही दरवाजे उघडे आहेत. पहिला, महाविद्यालयाची रॅगिंगविरोधी समिती. तेथे जाणे अवघड वाटल्यास १८००-१८०-५५२२ ही आयोगाची विनाशुल्क मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. दोष सिद्ध झाल्यास वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, परीक्षेस बसू न देणे, येथपासून प्रवेश रद्द करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरा, राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संस्थेच्या आवारातील आणि बाहेरील असे दोन्ही प्रकारचे रॅगिंग त्यात येते. त्यामुळे एस.टी. स्थानकावर किंवा गाडीत होणारा छळही 'आमच्या हद्दीत घडला नाही' म्हणून झटकता येत नाही. लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. टाळाटाळ केल्यास त्याने गुन्ह्यास साह्य केले असे मानले जाते.

तिसरा, अंतर्गत तक्रार समिती. ती केवळ महिलांसाठी असते, असा समज आहे. मात्र आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी विनियमांनी विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे स्पष्टपणे नमूद केले आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते आणि संबंधितांची नावे उघड करण्यास मनाई आहे. गोपनीयतेची ही अट समिती किती काटेकोरपणे पाळते, यावरच ग्रामीण भागात तक्रार होईल की नाही, हे ठरते.

मन खचले असल्यास 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून समुपदेशन मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही.

नोकरीचा प्रश्न

पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीचा सराव करणारी मुले हे ग्रामीण महाराष्ट्रातले परिचित दृश्य आहे. या भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी रकानाच नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अर्जात तिसरा पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे न्यायालयात मान्य केले. हक्काची भाषा पोटापाण्यापर्यंत येते, तेव्हाच तिचा अर्थ गावात कळतो.

खर्च न लागणाऱ्या गोष्टी

यासाठी महाविद्यालयांना वेगळा निधी लागत नाही. प्रवेशाच्या दिवशी हमीपत्रातील तिसरे कलम मराठीत मोठ्याने वाचून दाखविता येईल. समितीतील सदस्यांची नावे फलकावर लावताना 'तक्रार गुप्त राहील' ही ओळ त्याखाली लिहिता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एखादे व्याख्यान या विषयावर ठेवता येईल. वर्गात कोणी बायकी आवाजाची नक्कल केली आणि सारे हसले, तर शिक्षकांनी न हसणे, हेही पुरेसे मोठे पाऊल ठरेल.

आपले विद्यापीठ ज्या सावित्रीबाईंचे नाव लावते, त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण याच जिल्ह्यात, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मिस फरार यांच्याकडे घेतले होते. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, ही हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आज शेजारच्या बाकावरच्या मुलावर जे शब्द फेकले जातात, ते त्याहून वेगळे नाहीत. पुढच्या प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी ते कलम एकदा वाचावे. वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.