ब्रेकमध्ये जळणारं पेट्रोल

“काका, गाडी ॲव्हरेज देत नाही.” मोशीच्या माझ्या गॅरेजात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच. बोलणारे बहुतेक चाकण एमआयडीसीत कामाला जाणारे. गाव लातूर, परभणी, बुलढाणा, जळगावकडचं; खोली चिखलीत नाहीतर भोसरीत; शिफ्ट चाकणला. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराच्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेले की हातात जे उरतं, त्यातलं बरंचसं पेट्रोल खातं. म्हणून ही तक्रार मी कधी वरवर घेत नाही.

पण इतकी वर्षं हात काळे केल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. इंजिनच्या बिघाडात पेट्रोल जातं, पण थोडं. त्याहून कितीतरी जास्त जातं ते ब्रेकमध्ये, कमी हवेच्या टायरमध्ये आणि रिकाम्या मागच्या सीटवर. या तीन ठिकाणची गळती थांबवायला मेकॅनिक लागत नाही. ती चालवणाऱ्यालाच थांबवता येते, आणि कशी थांबते हे कळलं तर तो थांबवतोही.

आधी मोजा

“किती देते?” असं विचारलं की उत्तर येतं, “आधी साठ द्यायची, आता पंचेचाळीस.” हा आकडा बहुधा अंदाजाचा असतो. दोनशेचं पेट्रोल टाकलं आणि काटा कधी खाली आला, यावरून काढलेला. दुचाकीचा काटा एवढा बारकावा दाखवत नाही. उतारावर एक सांगतो, साइड स्टँडवर दुसरं.

खरी पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर टाकी तेवढीच फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. एका टाकीवर विसंबू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. एखाद्या आठवड्यात पाऊस असतो, एखाद्यात रस्ता खोदलेला असतो.

जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका. गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी ‘एआरएआय’ ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली ती सुरू झाली. चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ पळवतात. त्यामुळे दोन मॉडेलांची तुलना नीट होते. पण त्या रोलरवर चाकणच्या वाटेवरचा चिंबळी फाटा नसतो, कुरुळी नसते आणि सहाच्या शिफ्टला तुंबलेला तळेगाव चौकही नसतो. तुमची तुलना तुमच्याच गेल्या महिन्याशी करा.

पैशाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरू. गाडी ४५ देत असेल तर महिन्याला साधारण २,३३० रुपये लागतात. ५५ देत असेल तर १,९१०. फरक सव्वाचारशेचा, म्हणजे वर्षाला ५,००० रुपये. गावी राहिलेल्या बहिणीच्या कॉलेजची फी त्यातून भागू शकते.

एक ब्रेक, तीस पैसे

आता मूळ मुद्दा. गाडीला वेग येतो तो पेट्रोल जाळून. ब्रेक मारला की त्या वेगाची लायनरवर उष्णता होते आणि हवेत जाते. म्हणजे पैसे देऊन घेतलेला वेग आपण फुकट टाकून देतो आणि पुढच्याच मिनिटाला पुन्हा विकत घेतो.

किती? गाडी ११० किलोची, माणूस ७० किलोचा, वेग ताशी ५० किलोमीटर धरा. एवढ्या वजनाला तेवढा वेग द्यायला सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल असतात, पण शहरातल्या रहदारीत त्यातला पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचला तरी पुष्कळ. बाकीची ऊर्जा सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या फिन्सवरून उष्णता होऊन जाते. भागाकार केला की उत्तर येतं, पावणेतीन मिलिलिटर. पन्नासच्या वेगावरून एकदा गाडी पूर्ण थांबवणं म्हणजे जवळपास तीस पैसे.

तीस पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण चाकणच्या वाटेवर एका फेरीत तीस वेळा असं थांबायला लागलं तर जाऊन-येऊन साठ ब्रेक होतात. दिवसाचे १७ रुपये, महिन्याचे सव्वाचारशे. पुढचा टेम्पो थांबतोय हे दिसत असताना आपण रेस देत त्याच्या मागच्या फळीपर्यंत जातो आणि करकचून ब्रेक मारतो. तोच वेग तीसचा ठेवला तर त्या थांब्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो, कारण वेग दुप्पट झाला की लागणारी ऊर्जा चौपट होते.

म्हणून गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो, नजर पुढच्या गाडीच्या दिव्यावर ठेवू नकोस. त्याच्या पुढे चार गाड्या काय चाललंय ते बघ. लाल सिग्नल लांबून दिसला की हात तिथेच सैल सोड. गाडी आपोआप हळू होईल आणि पुष्कळदा तू पोचेपर्यंत सिग्नल सुटलेला असेल. पाय जमिनीला न टेकता पुढे गेलास तर तेवढं पेट्रोल वाचलं. जपून बघणारा माणूस पडतही कमी, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

मोकळ्या रस्त्यावर मात्र हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नासऐवजी सत्तरने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. मोशीच्या इंद्रायणी पुलापासून मोकळा रस्ता मिळाला म्हणून सत्तर-ऐंशीने पळालेला माणूस आळंदी फाट्यावर त्याच कोंडीत, माझ्या शेजारीच उभा असतो.

जॅममध्ये हाफ क्लचवर गाडी रांगवत ठेवायची सवयही महाग पडते. क्लच प्लेटा घासतात आणि पुढे घसरायला लागतात. मग आवाज वाढतो पण गाडी पळत नाही. दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून पुढे जा. सिग्नलचे आकडे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त दिसत असतील तर इंजिन बंद करा. आताच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला नाममात्र पेट्रोल लागतं.

उतारावर न्यूट्रल नको

घाटात किंवा उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचतं, असं फार लोक मानतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला. इंजेक्टरच्या गाडीत उतारावर गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर सहसा पेट्रोल तोडतो, कारण चाकच इंजिनला फिरवत असतं. न्यूट्रल केलंत तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच राहतं. म्हणजे न्यूट्रल करून पैसेही वाचत नाहीत आणि इंजिनाचा आधार मात्र जातो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांनी किती जीव घेतले हे पुणेकरांना माहीत आहे, आणि न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्या हे त्यामागचं एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. डिझेल वाचवण्यासाठी एवढी किंमत कुणी मोजू नये.

हवा, चेन, लायनर

गाडीची निगा म्हणजे काय, तर चाक मोकळं फिरलं पाहिजे. टायरमध्ये हवा कमी असली की तो जास्त दबतो. फिरताना रबर सतत वाकतं आणि सुटतं, त्यात ऊर्जा जाते. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुतेक गाड्यांत चेनच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. डबल सीटसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तो बघा. हवा टायर थंड असताना तपासा. लांबून तापून आलेला टायर जास्त आकडा दाखवतो. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

मग गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ड्रमचं लायनर घासतंय किंवा ब्रेक गरजेपेक्षा ताठ आहे. चेन कोरडी, गंजलेली किंवा ओढून ताणलेली असेल तरी चाक जड फिरतं. चेनला किती सैलपणा हवा हेही पुस्तकात असतं. बहुतेक मोटारसायकलींना २० ते ३० मिलिमीटर. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं टाका. ‘जाड ऑइल इंजिनला चांगलं’ असं म्हणून घट्ट ऑइल घालणारे आहेत. ते फिरवायलाच इंजिनला जास्त जोर लागतो.

चुंबक, गोळ्या, टाकीत टाकायच्या पुड्या यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. नाव घ्यावं असा फरक त्यांत दिसला नाही. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं हाही गैरसमज आहे. पेट्रोल एका अंशाला जेमतेम एक हजारांश फुगतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिचं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. मापाचीच शंका असेल तर पंपावर वैधमापनाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे. ते मागा आणि मोजून घ्या. तो ग्राहकाचा हक्क आहे.

पेट्रोलमध्ये मात्र खरोखरच एक बदल झाला आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या इथेनॉलचा काही भाग आपल्याकडच्या साखर कारखान्यांतून येतो आणि उसाच्या पैशाला त्याचा आधार आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात २० टक्के मिश्रणाने जुन्या धर्तीच्या दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी आणि चारचाकीचं ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला आहे. तेव्हा ५५ ची ५३ झाली तर इंजिन खोलायची घाई नको. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत रबरी पाइप आणि वॉशर मात्र एकदा तपासून घ्या.

घरातली मोठी गळती

घरी कार आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर आधी कारकडे बघा. दुचाकी ५० वरून ५५ वर नेली तर हजार किलोमीटरमागे पावणेदोन लिटर वाचतात. कार २० वरून २५ वर गेली तर १० लिटर. वाढ दोन्हीकडे पाचचीच, पण पैशात फरक पाचपटीहून जास्त. जिथे खाणं मोठं, तिथली बचत मोठी. कारमधून एकट्याने दूध आणायला जाणं सगळ्यात महाग, कारण थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरला सगळ्यात कमी ॲव्हरेज देतं.

आणि कुठल्याही ट्युनिंगने मिळणार नाही एवढी बचत मागच्या सीटवर आहे. दोघे मिळून एका गाडीवर गेले तर वजनाने ॲव्हरेज थोडं उतरतं, पण खर्च जवळपास निम्मा होतो. माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं एकाच इमारतीत राहतात, एकाच गेटमधून आत जातात आणि दोन गाड्या पळवतात. एक आठवडा तुझी, एक आठवडा माझी, असं ठरवा, हेल्मेट दोघांनाही. भोसरीहून पीएमपीएमएलची बस चाकणला जाते. पुण्याकडून येणाऱ्याला स्वारगेटहून मेट्रोने पुढचा मोठा टप्पा गाठता येतो, आणि पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चिंचवड, आकुर्डी, तळेगावला थांबते. ज्याच्या वाटेवर यातलं काही बसतं, त्याने एक महिना पासाचा हिशेब करून बघावा.

विजेची गाडी घ्यावी का, असंही विचारतात. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट, म्हणजे किलोमीटरला चाळीस पैशांच्या आत. पेट्रोलचे दोन रुपये. पण गाडीची जास्तीची किंमत आणि बॅटरीची वॉरंटी त्यात धरा, आणि खोलीवर चार्जिंगला प्लग आहे का ते आधी बघा. भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचं बहुतेक तिथेच अडतं.

एवढं सगळं कामगाराने केलं तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही. कोंडीत तासभर रांगणाऱ्या गाडीला कुठलाच मेकॅनिक ॲव्हरेज देऊ शकत नाही. ते कंपन्यांच्या हातात आहे. आजूबाजूच्या कारखान्यांनी शिफ्टच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या, कायम कामगाराइतकीच ठेक्यावरच्या पोरालाही बसमध्ये जागा दिली आणि कोण कुठून येतं याची यादी नोटीस बोर्डावर लावली, तर चाकणला जाणाऱ्या नाशिक रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या कमी होतील. ठेक्यावरचा पोरगा हे मागायला कचरतो, कारण त्याची नोकरी कच्ची असते. म्हणून ही मागणी त्याच्या वतीने ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी, युनियनने आणि माझ्यासारख्या गॅरेजवाल्यांनी मोठ्याने केली पाहिजे. मी ती करतो आहे.