इंजिनिअरनेही आपली खातेवही ठेवावी

मुलगा इंजिनिअर झाला की आपल्याकडे पेढे वाटले जातात आणि शिक्षण संपले असे सगळे गृहीत धरतात. पुढे नोकरी, मग आखात, मग गावी घर. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने नवे काय शिकून घेतले हे कोणी विचारत नाही आणि तोही त्याचा हिशेब ठेवत नाही. साधा किराणा दुकानदार रोजची उधारी वहीत उतरवतो. लाखोंची बांधकामे उभी करणारा इंजिनिअर मात्र आपल्या ज्ञानाच्या जमाखर्चाबाबत बेफिकीर असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या परिचयाचे एक सिव्हिल इंजिनिअर सोळा वर्षे आखातात काम करून परतले. मुंबईत एका बांधकाम कंपनीत मुलाखतीला गेले. सोबत प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल होती. मुलाखत घेणाऱ्याने ती चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “या कोर्सेसमुळे तुमच्या कामात काय बदलले? एक उदाहरण सांगा.” त्यांना उत्तर देता आले नाही. नंतर ते आम्हाला म्हणाले, “शिकलो नव्हतो असे नाही, साहेब. पण कधी लिहूनच ठेवले नव्हते, त्यामुळे ऐनवेळी काही आठवेना.” ती नोकरी दुसऱ्याला मिळाली.

इतरत्र काय पद्धत आहे?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न इंजिनिअरच्या मर्जीवर सोडलेला नाही. तेथील इंजिनिअरिंग कौन्सिलच्या नोंदवहीत ज्यांचे नाव आहे, अशा चार्टर्ड इंजिनिअरांनी आणि इतर दर्जाच्या तंत्रज्ञांनी आपल्या सततच्या व्यावसायिक शिक्षणाची नोंद ठेवायची असते. दरवर्षी काही सभासदांच्या नोंदी मागवून तपासल्या जातात. मागणी करूनही जो वारंवार दुर्लक्ष करतो, त्याचे नाव 2019 पासून नोंदवहीतून कमी होऊ शकते. विशेष म्हणजे किती तास वर्गात बसलात, यापेक्षा त्यातून काय शिकलात आणि कामात काय सुधारणा झाली याला तेथे अधिक महत्त्व आहे.

आपल्याकडे वकिलांसाठी 1961 चा आणि आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ठरावीक गुण मिळवावे लागतात. इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी कायदा दीर्घकाळ झालाच नाही. 1920 साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था व्यावसायिक इंजिनिअरचे प्रमाणपत्र देते, पण ते घेणे ऐच्छिक आहे. म्हणजे वही ठेवायची की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे.

पदवी तीच, नियम बदलले

वही न ठेवण्यात नुकसान काय? 1990 च्या सुमारास पदवी घेतलेल्या इंजिनिअरचेच उदाहरण घ्या. त्याने काँक्रीटचे भारतीय मानक 456 शिकले ते 1978 चे. त्यात आरसीसी कामाला किमान एम-15 प्रतीचे काँक्रीट चालत असे. 2000 च्या आवृत्तीत ही मर्यादा एम-20 झाली. शिवाय किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या कामासाठी किमान एम-30 आणि सळीवर 45 मिलिमीटरचे कव्हर सांगितले गेले. कोकणात घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. कव्हर कमी पडले तर खारी हवा सळीपर्यंत पोहोचते, सळी गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे निघू लागतात.

भूकंपाचेही तसेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे दगावली, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारणेत पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. जुन्या नकाशावर विसंबून राहणाऱ्या इंजिनिअरची चूक त्याच्या घरमालकाला भोवते.

नोंद कशी लिहावी?

हजेरी लिहिणे म्हणजे नोंद नव्हे. “जुलै महिन्यात क्यूब टेस्ट फेल. ठेकेदाराला समज दिली.” अशी ओळ पुष्कळांच्या डायरीत सापडेल. त्यातून लिहिणारा काहीच शिकला नाही. हीच घटना अशी लिहिता येईल :

“एम-20 साठी सिमेंटच्या एका गोणीला 30 लिटर पाणी धरले होते. पावसाने वाळू ओली होती, हे मी पाहिले पण हिशेबात घेतले नाही. गोणीमागे सुमारे 83 किलो वाळू. तिच्यात 5 टक्के पाणी धरले तरी 4 लिटर झाले. म्हणजे 30 ऐवजी 34 लिटर पडले. ताकद कमी आली ती यामुळे असावी. शिवाय दमट वाळू फुगते, घमेल्याने मोजली तर माप चुकते. यापुढे पावसाळ्यात रोज सकाळी वाळूचा ओलावा तपासून मगच पाणी ठरवायचे.”

काय घडले, मला काय ठाऊक नव्हते आणि पुढे मी काय करणार, हे तीन प्रश्न त्यात आले. चौथा प्रश्न तीन महिन्यांनी विचारावा : ठरवले ते खरोखर केले का, आणि क्यूबचे आकडे सुधारले का? ज्या नोंदीला हा चौथा प्रश्न जोडला जात नाही, ती नोंद अर्धवटच राहते.

यासाठी फार वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे पुरतात. शंभर पानी वही चालते, कॉम्प्युटरही चालतो. कोर्सच नोंदवावेत असेही नाही. अनुभवी मिस्त्रीने सांगितलेली युक्ती, वाचलेले नवे मानक, स्वतःची झालेली चूक, हे सगळे शिक्षणच आहे. मात्र मालकाचे नकाशे, दर किंवा गुपिते वहीत उतरवू नयेत. आणि चूक झाली असेल तर ती झाकू नये. ही वही दुसऱ्यावर छाप पाडण्यासाठी ठेवायची नसते. आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांनीही ती पहिल्या नोकरीपासूनच ठेवावी.

आमचे ते परिचित आज अशी वही ठेवतात. नंतरच्या मुलाखतीत त्यांनी फाइल बाजूला ठेवून वाळूचीच हकीकत सांगितली आणि त्यांना काम मिळाले. आता साइटवरच्या नव्या मुलांना ते शनिवारी संध्याकाळी एकच विचारतात, “या आठवड्यात काय शिकलास, बेटा? लिहिलेस का?”

आमच्या इंजिनिअर वाचकांनीही हा प्रश्न येत्या शनिवारी स्वतःला विचारून पाहावा.