हिंवाळ्यांतील परतीची वाट

प्रवासाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें जातें; पण तें बहुधा जाण्याविषयीं असतें, परतण्याविषयीं क्वचित्. ज्या घरांत मुलगा एका गांवीं, मुलगी दुसऱ्या गांवीं आणि वडील मंडळी तिसऱ्याच गांवीं राहतात, त्या घरांत परतीचा दिवस हाच कसोटीचा असतो. दशम्यांचा डबा बांधून तयार असतो, नातवंडें गाडीभोंवतीं घुटमळत असतात, आणि कोणी तरी हटकून म्हणतें, "आतां या वयांत इतक्या लांब गाडी हांकीत येत जाऊं नका."

गेल्या नाताळच्या सुटींत इंदुरास थोरल्या बंधूंच्या घरीं आमचें सारें कुटुंब जमलें होतें. पंगतीला एकोणीस पानें होतीं. पुण्यास परतण्याच्या आदल्या रात्रीं हा प्रश्न निघाला. माझें वय अडुसष्ट, सौभाग्यवतीचें चौसष्ट. "बाबा, तुम्ही दोघें विमानानें जा, गाडी मी मागाहून पोंचवितों," असें चिरंजीव म्हणाला. सूनबाईनेंही तेंच सांगितलें. त्यांच्या बोलण्यांत हुकूम नव्हता, काळजी होती. म्हणूनच तें हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हतें. सौभाग्यवती पानें पुसतां पुसतां म्हणाली, "अरे, गाडी आहे म्हणून आम्ही मनांत येईल तेव्हां येतों. ती गेली, कीं तुम्ही न्याल तेव्हांच येणें व्हायचें." त्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं.

वास्तविक दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें होतें. मुलांची भीति निराधार नव्हे. वय वाढतें तसतशी डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते व भिंग पिंवळसर होतें. त्यामुळें विशींतल्या माणसाच्या मानानें साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोंचतो. समोरून येणाऱ्या दिव्यानें दिपलेले डोळे सांवरण्यासही अधिक वेळ लागतो. कायद्यानेंही हें ओळखलें आहे. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याचा परवाना एका वेळीं पांच वर्षांचाच मिळतो आणि त्यासाठीं वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सेवानिवृत्त माणसाच्या हातून अधिकार जातो, कचेरी जाते; आपल्या इच्छेनें उठावें आणि आपल्या माणसांकडे जावें, एवढेंच स्वातंत्र्य उरतें. तें एका रात्रींत काढून घेऊं नये.

अखेर बंधूंच्या मध्यस्थीनें तोड निघाली. सूर्य मावळल्यावर गाडी चालवावयाची नाहीं. दर दोन तासांनीं चालक बदलावयाचा; सौभाग्यवती पन्नाशींत गाडी शिकली आहे व तिचा हात माझ्याहून शांत आहे. प्रत्येक मुक्कामावरून इंदुरास कळवावयाचें. इंदूर ते पुणें हें सुमारें ६०० किलोमीटरांचें अंतर तरुण लोक एका दिवसांत तोडतात. आम्हीं धुळें व नाशिक येथें मुक्काम करून त्यास तीन दिवस द्यावयाचें ठरविलें. निवृत्त माणसाजवळ पैसा बेताचा असला, तरी वेळ मुबलक असतो. तो खर्चण्यास कचरूं नये.

निघावयाच्या दिवशीं माळव्यांत दाट धुकें होतें. नऊ वाजून गेले, समोरचें झाड स्पष्ट दिसूं लागलें, तेव्हांच आम्हीं गाडी काढली. धुक्यांत दूरवर फेंकणारा मोठा दिवा लावल्यास त्याचा प्रकाश बाष्पकणांवरून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. तेथें खालीं पडणारा मंद दिवाच उपयोगी. हवा थंडावली कीं चाकांतील दाबही उतरतो. तपमान पांच-सहा अंशांनीं घटल्यास दाब सुमारें एका पौंडानें कमी होतो. म्हणून तो सकाळीं, चाकें थंड असतांनाच, तपासावा.

ही वाट म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. इंदुराहून निघाल्यावर मानपूरच्या पुढें विंध्याद्रि उतरावा, खलघाट येथें नर्मदा ओलांडावी, सेंधव्यापुढें सातपुडा उतरावा आणि मग तापी ओलांडून धुळ्यास यावें, असा हिचा क्रम आहे. पुलावर सौभाग्यवतीनें नर्मदामाईस हात जोडले. बिजासनच्या घाटांत गाडी तिच्या हातीं होती. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापतात व ऐन वेळीं दगा देतात. म्हणून खालचा गिअर घालून इंजिनाच्याच ओढीनें गाडी रोंखावी लागते. पुढें मालानें लादलेल्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनीं उतरत होती. तिला ओलांडण्याची घाई तिनें केली नाहीं. शेजारीं मुकाट बसण्याचें काम माझें होतें, आणि तें मला अधिक अवघड गेलें.

धुळ्यास दिवेलागणीपूर्वीं पोंचलों. याच गांवच्या तुरुंगांत १९३२ साली विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. येथेंच १९२६ च्या अखेरच्या दिवशीं इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. घाईचा प्रवासी अशा गांवाला वळसा घालून निघून जातो. आम्हांस संध्याकाळभर थांबावयास मिळालें.

सकाळीं निघण्यांत दुसराही लाभ होता. धुळ्याहून नाशिककडे रस्ता नैर्ऋत्येस जातो. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो. दुपार कलल्यावर तो नेमका चालकाच्या डोळ्यांत येतो, सकाळीं मात्र पाठीशीं राहतो. चांदवडास होळकरांच्या रंगमहालाजवळ थांबून डबा सोडला. माळव्यांतून दक्षिणेंत येणाऱ्या किती मराठी कुटुंबांनीं ही वाट घोड्या-बैलांवर चालून काढली असेल! तीन दिवस म्हणजे आळस, असें त्यांस खासच वाटलें नसतें.

तिसऱ्या दिवशीं संगमनेरच्या बाजूस ऊंसाचे ट्रॅक्टर भेटूं लागले. एकामागें दोन-दोन ट्रॉल्या, आणि कित्येकींच्या पाठीमागें तांबडा दिवा तर नाहींच, चकाकणारी पट्टीही नाहीं. दिवसा हें दृश्य मौजेचें वाटतें; रात्रीं तीच अंधारांतील भिंत होते. चिरंजीवाच्या पहिल्या अटीचें मोल मला तेथें पुरें पटलें. चार वाजतां पुण्याच्या घराचें कुलूप उघडलें व इंदुरास कळविलें. पलीकडून नातवानें विचारलें, "आजोबा, घाटांत आजीच होती ना?"

ज्या घरांत हा वाद असेल, त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. वडिलांनीं मुलांची भीति अपमान समजूं नये. मुलांनीं वडिलांचा हट्ट पोरकटपणा समजूं नये. आधीं डोळे तपासावे, मग वेळ ठरवावी, मग अंतर तोडावें. माझ्या परवान्याची मुदत आणखी दोन वर्षांची आहे. त्या वेळीं वैद्यांनीं नको म्हटल्यास किल्ली मी आपल्या हातानें चिरंजीवास देईन, असा शब्द त्या रात्रीं मीं दिला. आणि मग वर्षांतून दोनदां आम्हांस न्यावयास स्वतः येईन, असा शब्द त्यानेंही दिला आहे. दोन्ही शब्द घरांतल्या एकोणीसही जणांनीं ऐकले आहेत, हें बरें झालें.