भरतपूरचे पाणी

आग्र्याहून जयपूरकडे निघालेला प्रवासी भरतपूरला थांबतो तो बहुधा केवलादेव राष्ट्रीय उद्यानासाठी. हिवाळ्यातील एका पहाटे मीही तेथे सायकलरिक्षातून फिरलो. रिक्षाचालक पक्ष्यांचा जाणकार होता. धुक्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वाढलेली पिल्ले अन्नासाठी कलकलाट करीत होती. दूर उथळ पाण्यात सारसाची जोडी उभी होती.

सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश निव्वळ निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध उभा राहिला. पुढे संस्थानिकांनी शिकारीसाठी या खोलगट भागात पाणी खेळवले. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा येथील शिळेवर कोरलेला आहे. याच शिकारभूमीला १९८५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

संरक्षणाची किंमत मात्र भोवतालच्या गावांनी मोजली. १९८२ साली येथे गुरे चारण्यास बंदी झाली. विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, म्हशी गेल्यावर गवत माजून उघडे पाणी आक्रसले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले.

आजचा पेच पाण्याचा आहे. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले आणि उद्यानाकडे येणारा ओघ आटला. धरणाजवळच्या शेतकऱ्यांनाही तेच पाणी हवे आहे, आणि त्यांची मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. २००१-०२च्या हिवाळ्यानंतर सायबेरियन क्रौंच येथे फिरकलेले नाहीत. त्याला प्रवासमार्गावरची शिकारही कारणीभूत होती. परंतु उरलेल्या पक्ष्यांचे भवितव्य पाण्यावरच अवलंबून आहे. आता चंबळ नदीचे आणि गोवर्धन नाल्याचे पाणी येथे आणले जाते.

"पाणी नाही त्या वर्षी पक्षी नाहीत, आणि आम्हाला सवारीही नाही," चालक परतताना म्हणाला. पक्षी की शेतकरी, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. उद्यानाचा वाटा पावसाळ्यापूर्वीच ठरावा, आणि तो ठरवताना वरच्या धरणाकाठचा शेतकरी व खालचा गुराखी दोघांनाही बोलवावे. १९८२ साली त्यांना कोणी विचारले नव्हते.